घाटातला रोजमेळ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी कुणी प्रवचनकार नाही. बी.कॉम. होऊन बँकेत कारकुनी केली आणि निवृत्त झालो. आमच्या कामात एक नियम होता : संध्याकाळी रोजमेळ जुळला पाहिजे. एका रुपयाचा फरक असला तरी घरी जाता येत नसे. त्या रोजमेळाची आठवण मला दोन वर्षांपूर्वी माहूरच्या घाटात झाली. तोच प्रसंग आज आपल्यापुढे ठेवतो.

दत्तजयंतीच्या आधी परभणीहून माहूरला सायकलने जायचे ठरले. सोबतीला माझ्याच वयाचे एक निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही गुरुजीच म्हणतो. पहिला मुक्काम वसमतमार्गे नांदेड, दुसरा हदगावच्या पुढे पैनगंगा ओलांडून उमरखेड. दोन्ही दिवस रस्ता बराच सपाट. शेतात कापसाची वेचणी चालू, तुरी शेंगांवर आलेल्या. गुरुजी मागून चोवीस गुरूंची नावे विचारायचे आणि मी सांगायचो. पृथ्वी, वायू, आकाश... कुठे अडलो की ते हसायचे.

तिसरा दिवस मात्र चढाचा. महागाव, धनोडा करत पुन्हा पैनगंगा ओलांडली. माहूर गावात पोचेपर्यंतच मांड्या भरून आल्या होत्या, आणि खरा घाट तर तिथून पुढे. दोन्ही बाजूंनी सागाचे जंगल. एक वळण संपले की दुसरे उभेच.

मी मनाशी एक पण केला होता. दत्तशिखरापर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. त्यासाठी मी अवधूताचा एक गुरू निवडला, बाण करणारा कारागीर. एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला सांगतो, की हा कारागीर बाण सरळ करण्यात इतका गढला होता, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळले नाही. मी म्हटले, आपणही तसेच करू. नजर चाकापुढच्या दोन हात रस्त्यावर. मागून कुणीतरी हाक मारल्यासारखे वाटले. लक्ष दिले नाही. एकाग्रता मोडायची नव्हती ना!

अर्ध्या घाटात एका वळणावर दम इतका लागला, की पाय टेकवावाच लागला. खालून तांड्यावरची एक म्हातारी सरपणासाठी कोयता-दोर घेऊन चढत आली. म्हणाली, "भाऊ, तुमच्या संगतीचा माणूस खाली मोरीवर बसलाय. डोळ्यापुढं अंधारी आली म्हन्तो. किती हाका मारल्या त्यानं! वरचा देव कुठं पळून चाल्लाय का?"

एवढे बोलून ती जंगलात शिरली. मी सायकल वळवली. जे चढायला पाऊण तास लागला होता ते उतरायला पाच मिनिटे लागली. ती पाच मिनिटे मला फार जड गेली.

गुरुजी मोरीच्या कठड्याला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक. सकाळी चहाशिवाय पोटात काही नव्हते. म्हातारीने आपल्या बाटलीतले पाणी त्यांना पाजले होते. मी पिशवीतला गूळ-शेंगदाणे दिले आणि हात जोडले. ते म्हणाले, "असू द्या. मला वाटलं काउंटर बंद झालं!" दोघेही हसलो, पण माझ्या डोळ्यांत पाणी होते.

बऱ्याच वेळाने त्यांना हुशारी आली. मी परत फिरू म्हणालो, पण ते ऐकेनात. मग सायकली हातात धरून, थांबत थांबत, आम्ही पायीच शिखर गाठले. दर्शनाला दिवेलागण झाली.

त्या रात्री झोप लागेना. दत्तप्रभू काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात, अशी आपली श्रद्धा. देव जिथे दिवस मिटवतो तिथे मी माझा रोजमेळ घालत बसलो होतो, आणि तो जुळत नव्हता. जमेला तीन दिवसांची वाट, घाम, नामस्मरण. नावे बाजूला फक्त एक न ऐकलेली हाक. तरी फरक तिचाच येत होता.

चूक कुठे झाली ते पहाटे उमगले. कारागिराची नजर बाणावर होती. माझी नजर रस्त्यावर दिसत होती, पण खरी होती ती "पाय न टेकवणाऱ्या मी"वर. राजाची मिरवणूक न ऐकणे ही एकाग्रता. सोबत्याची हाक न ऐकणे हा अहंकार. दोन्हींत कान बंदच असतात, म्हणून माणूस फसतो.

टेंबे स्वामींनी भारतभर पायी संचार केला. त्यांचे शिष्य योगानंद सरस्वती, म्हणजे गांडा महाराज, यांची समाधी आपल्याच जिल्ह्यात पाथरी तालुक्यात गुंजला आहे. आपण त्या परंपरेतली माणसे. या वाटेवर किती चढलो हे कोण विचारतो? कुणासाठी थांबलो, एवढेच विचारले जाईल असे मला वाटते.

गुरुजी आजही चोवीस नावे विचारतात. मी चोवीस सांगतो आणि मनात पंचविसावे घेतो. त्या माउलीचे नाव मी विचारलेच नव्हते, म्हणून नुसते "घाटातली आजी" म्हणतो.

यंदा जयंतीला आपणही कुठल्या तरी चढावर असाल. कुणी पायी, कुणी गाडीने, कुणी संसाराच्या. एकदा मागे वळून बघा. देव वरच आहे, तो कुठे जात नाही.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!