पाचवे कारण

शके १५८५ ची माघ शुद्ध पंचमी, इंग्रजी तारीख २३ जानेवारी १६६४. चन्नगिरीजवळच्या होदिगेरे गावच्या रानात शहाजीराजे भोसले शिकारीमागे घोडा फेकत होते. घोड्याचा पाय खळग्यात गेला आणि भरधाव जनावर स्वारासकट कोसळले. निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा तिन्ही दरबारांचे पाणी प्यायलेला, कैदेतून सुटलेला, उभ्या हयातीत कितीतरी लढायांतून जिवंत परतलेला हा सरदार एका खळग्याने संपवला. तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती. या वयात शिकारीला जायची गरज काय होती, असा प्रश्न घरातल्या बायकांनी नक्की विचारला असेल. इतिहासकार तो विचारत नाहीत. शहाजीराजांची समाधी होदिगेरेलाच आहे.

शहाजीराजांचे बिऱ्हाड मात्र बंगळुरात होते. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांच्या वारसाकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पेठा, तटबंदी, तळी असलेले हे शहर त्यांना मानवले. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त या दरबाराचे वर्णन केले आहे. त्यात निरनिराळ्या भाषांचे कवी राजांसमोर आपली कला दाखवतात. तो ग्रंथ इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १९२२ मध्ये छापून काढला, म्हणून तर बंगळूरच्या या मराठी दरबाराचा चेहरा आपल्याला थोडाफार दिसतो.

अशा माणसाचा असा शेवट झाला की एक जुना प्रश्न उभा राहतो. याला कारण काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि पाचवे दैव. होदिगेरेच्या रानात ती ओळीने मांडता येतात. जमीन होती, स्वार होता, घोडा होता, शिकारीमागची दौड होती. आणि नेमका तोच खळगा नेमक्या त्याच टापेखाली यावा, हे पाचवे. आपल्याकडे बोलताना पहिली चार सहज गळतात आणि सगळे खापर पाचव्यावर फुटते. ‘दैवापुढे कोणाचे चालते?’ असे म्हटले की सुतक फिटले. गीतेने मात्र दैवाला पाचात एक जागा दिली आहे, सगळी बैठक दिलेली नाही.

बातमी सह्याद्रीत पोचली तेव्हाची वेळही पाहण्यासारखी आहे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात शिवाजीराजांनी सुरत लुटली होती. वडील पडले त्या दिवशी ते लुटीसह परतीच्या वाटेवर होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला राजगडावर आले, तो यशाच्या जोडीला ही बातमी. जिजाबाईंनी सती जायची तयारी केली, असे बखरकार सांगतात. मुलाने गळ्यात पडून, आणाभाका घालून त्यांना मागे फिरवले. बखरीतला तपशील अक्षरशः घ्यायचे कारण नाही, पण प्रसंगातला पेच खरा आहे. शेकडो मैलांवरच्या रानात एक घोडा अडखळतो आणि त्यातून गडावरच्या एका बाईपुढे धर्माचा प्रश्न येऊन पडतो. त्या काळच्या रूढीकडे उत्तर तयार होते. ते आपले म्हणून घ्यायचे की नाकारायचे, हे ठरवणे उरले होते. जिजाबाई थांबल्या आणि पुढे दहा वर्षे जगल्या. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्यांनी पाहिला, त्यानंतर अकरा दिवसांनी त्या गेल्या. पडणे क्षणात झाले होते. त्यात दैवाचा वाटा कितीही मोठा माना, राजगडावर जे झाले ते दोन माणसांनी ठरवून केले.

बंगळूरची गोष्ट वेगळी वळली. जहागीर शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाई यांचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे गेली. मल्लेश्वरम या आजच्या गजबजलेल्या वस्तीला ज्याच्यावरून नाव मिळाले, त्या काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळच्या शिलालेखात त्यांचा १६६९ चा दानलेख आहे. देवासाठी एक गाव इनाम दिल्याचा हा कन्नड लेख. वडिलांना जाऊन पाच वर्षे झाली होती आणि थोरल्या घरचा वाटा अजून मागितला गेला नव्हता. १६७७ मध्ये शिवाजीराजे स्वतः दक्षिणेत उतरले, तिरुवाडीला सावत्र भावाची भेट झाली आणि वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा त्यांनी मागितला. व्यंकोजी रातोरात छावणीतून निघून गेले. पुढे तह झाला. त्यात बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांच्याकडे चोळीबांगडीसाठी राहिला. दहा वर्षांनी, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतले आणि ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांकडे गेले. तीन लाखांत बंगळूर! आज त्या पैशांत तिथे गाडी लावायची जागासुद्धा मिळायची नाही.

तेव्हा शहाजीराजे आणखी दहा वर्षे जगते तर बंगळूर मराठ्यांचे राहते का? गप्पांना हा विषय चांगला आहे, पण त्यात खळग्याला नको इतके मोल दिले जाते. दोन घरे, दोन बायका, दोन मुलगे, एक स्वतंत्र राज्य उभारणारा आणि एक विजापूरच्या चाकरीतला. ही फूट होदिगेरेच्या आधीचीच होती. बाप होता तोवर ती झाकलेली होती, एवढेच.

मराठ्यांच्या इतिहासात याच्या अगदी उलट गोष्टही आहे. १४ जानेवारी १७६१, पानिपत. पळणाऱ्या महादजी शिंद्यांचा एका अफगाण स्वाराने दूरवर पाठलाग केला. त्यांची दमलेली घोडी खड्ड्यात पडली, स्वाराने महादजींच्या पायावर घाव घातला आणि मेला समजून त्यांना लुटून तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घातले. महादजी जन्मभर लंगडले. पण पुढे दिल्लीच्या बादशाहीची सूत्रे याच लंगड्या माणसाच्या हाती आली आणि पखालीवाला राणेखान त्यांचा ‘भाई’ आणि सेनापती झाला. रोहिला सरदार गुलाम कादिराविरुद्ध १७८८ मध्ये दिल्लीकडे गेलेल्या फौजेत तो होता. महादजी भाविक होते, अभंग रचत, बीडच्या मन्सूरशहा फकिरावर त्यांची श्रद्धा होती. तरीही वाचण्याचे श्रेय नुसते वरच्याला देऊन ते मोकळे झाले नाहीत. पाचवे कारण मानणाऱ्याने बाकीच्या चारांचे देणे कसे फेडावे, याचे इतके रोखठोक उदाहरण विरळा.

एरवी माणसे सोयीने हिशेब लावतात. १७०२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम घोड्यावरून पडला. घोडा चिचुंदरीसारख्या एका बिळकऱ्या प्राण्याने उकरलेल्या ढिगाऱ्यावर अडखळला होता. राजाचे गळपट्टीचे हाड मोडले आणि थोड्याच दिवसांत तो वारला. त्याचे विरोधक पुढे कितीतरी वर्षे काळ्या मखमलीतल्या त्या छोट्या गृहस्थाच्या नावाने पेले उंचावत राहिले. एका घरी सुतक, दुसऱ्या घरी देवाचा न्याय, आणि मधे तोच एक मातीचा ढीग. लाहोरला चौगान खेळताना घोड्याखाली सापडून १२१० मध्ये मेलेल्या कुत्बुद्दीन ऐबकाच्या बाबतीतही दोन्ही बाजूंना अर्थ सापडले असणारच.

असाच हिशेब लावणारा एक प्रसिद्ध तरुण कधी काळी बंगळुरात राहत होता. १८९६ च्या ऑक्टोबरात चौथ्या हुसार पलटणीचा विन्स्टन चर्चिल मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना लाटेच्या हेलकाव्यात कडीला लोंबकळला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. मग बंगळूरच्या छावणीत तो कोपर अंगाला बांधून पोलो खेळे आणि भर दुपारी बंगल्यात पडून गिबन, प्लेटो, विनवुड रीड वाची. त्या वाचनाने त्याची धर्मश्रद्धा डळमळली. मात्र गोळ्या सुटू लागल्या की देवाकडे संरक्षण मागायला आणि सुखरूप परतल्यावर आभार मानायला आपल्याला संकोच वाटला नाही, असे त्यानेच आत्मचरित्रात कबूल केले आहे. २ सप्टेंबर १८९८ ला सुदानमधल्या ओमदुर्मनच्या चढाईत खांद्यामुळे तलवार फिरवता येत नव्हती, म्हणून त्याने माउझर पिस्तूल वापरले. तलवार असती तर कदाचित आपण वाचलो नसतो, निखळलेला खांदा हे आपले भाग्यच, असा निष्कर्ष त्याने काढला. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण त्याच्याबरोबर धावलेल्या पलटणीचे वीसएक स्वार दोन-तीन मिनिटांत मेले, शंभराहून जास्त घोडे मेले किंवा जायबंदी झाले, आणि दिवस मावळेपर्यंत समोरच्या बाजूचे सुमारे दहा हजार माणूस पडले होते. त्यांच्यातही सकाळी कोणी ना कोणी संरक्षण मागितलेच होते, आणि चर्चिलच्या वहीत त्यांच्या नावे एकही खाते नव्हते.