नेम आणि नीयत

मराठीतला ‘नेम’ हा शब्द विचार करायला लावणारा आहे. बंदूक रोखणारा नेम धरतो. आणि रोज पहाटे उठून एखादी गोष्ट न चुकता करणाऱ्या माणसाबद्दलही आपण ‘त्याचा तो नेम आहे’ असेच म्हणतो. एकाच शब्दात निशाणाही आला आणि शिस्तही आली. उर्दूत या दोहोंसाठी वेगवेगळे शब्द लागतात. दिवसभर उर्दूत शिकवायचे आणि बाजारात, शेजारीपाजारी मराठीत बोलायचे, असे माझे दुहेरी आयुष्य असल्यामुळे असे शब्द मला अडवून धरतात.

आपल्याकडे आणखी एक शब्द सारखा कानांवर पडतो, तो म्हणजे नीयत. ‘नीयत साफ असली की झाले’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! कर्माचे मोल हेतूवर ठरते ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या घराघरांत पोहोचलेली आहे. पण तिचा अर्थ आपण सोयीने तर घेत नाही ना? हेतू चांगला असला म्हणजे कामही आपोआप चांगले होते का? आणि काम निर्दोष पार पाडता येते म्हणून ते करण्याचा अधिकार मिळतो का? हे दोन प्रश्न मला एका जुन्या वस्तूच्या आधाराने तपासून पाहायचे आहेत. ती वस्तू म्हणजे ठासणीची बंदूक.

माझ्या नानांकडे कोकणात गावी अशी एक बंदूक होती. शिकारीसाठी नव्हे, भातशेती आणि बागायत राखण्यासाठी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि कोकणात असे परवाने पुष्कळांकडे असत. या बंदुकीत आधी नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, मग गोळी किंवा छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, शेवटी टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. एक बार उडाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. दुसरी संधी लगेच नाही.

इतिहासाच्या तासाला हीच वस्तू वेगळ्या रूपात आपल्यासमोर येते. १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरलेली एनफिल्ड रायफल ही ठासणीचीच होती. तिचे काडतूस दातांनी तोडून दारू नळीत ओतावी लागे, आणि त्या काडतुसाला गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे अशी बोलवा पसरली. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते; रायफलीच्या नळीत आतून पीळ असलेले खाचे असतात, त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. पण नुसत्या पिळाने काम भागत नाही. त्या बंदुकीचा नेम आधी जुळवून घ्यावा लागतो.

तो कसा जुळवतात हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणांच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो. तिथले जबाबदार शिकारी हंगामाआधी मैदानात जातात, कागदावर वर्तुळ काढून ते जवळच्या अंतरावर लावतात, बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवतात आणि सावकाश तीन बार काढतात. प्रत्येक वेळी दारूचे माप तेच, गोळी तीच, ठासण्याचा जोर तोच. काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि गोळीची वाट बदलते, म्हणून दोन बारांच्या मध्ये नळी पुसायची तर दर वेळी सारखीच पुसायची. मग कागद पाहायचा. तिन्ही भोके एकमेकांजवळ पण वर्तुळाबाहेर असली, तर चूक दर्शकाची आहे. मागची खाच ज्या बाजूला सरकवावी त्या बाजूला गोळी सरकते, पुढच्या माशीचे बरोबर उलट. पण भोके चहूकडे विखुरलेली असली, तर दर्शक सरकवून काही उपयोग नाही. तिथे हात चुकतो आहे, माप चुकते आहे, किंवा बंदूकच सदोष आहे. जवळचे साधले की मग अंतर वाढवायचे.

नानाही एका फळीवर चुन्याचा गोल काढून पावसाळ्यानंतर बंदूक तपासत. त्यांची बंदूक साधी, पल्ला थोडक्या पावलांचा, म्हणून हे सोपस्कार कमी. पण तपासल्याशिवाय ती बंदूक शेतात जात नसे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. समजा एखाद्याला शिकारीची रीतसर परवानगी आहे, घरच्यांना जेवू घालण्याचा हेतूही शुद्ध आहे. पण बंदुकीचा नेम जुळवलेला नाही. गोळी हरणाच्या काळजात न बसता जबड्यात किंवा मागच्या पायात बसते. हरीण पळते. ते झुडपात जाऊन दोन-तीन दिवस तडफडून मरते. या माणसाची नीयत साफ होती असे म्हणून आपण त्याला सोडून द्यायचे का?

मला वाटते, सोडता येणार नाही. आणि आपला धर्मही सोडत नाही. पवित्र कुरआनात चुकून झालेल्या मनुष्यवधासाठीही भरपाई आणि प्रायश्चित्त सांगितले आहे. हेतू नव्हता म्हणून गुन्ह्याचे स्वरूप बदलते, पण गेलेल्या जिवाची जबाबदारी पुसली जात नाही. प्रेषितांनी (स.) प्रत्येक गोष्ट उत्तम रीतीने करण्याची शिकवण दिली, तेव्हा उदाहरण दिले ते कत्तलीचेच. सुरी धारदार करा, जनावराचे हाल कमी करा. विचार करा, इथे दया ही भावना म्हणून सांगितलेली नाही, ती सुरीला धार लावण्याचे काम म्हणून सांगितली आहे. ज्याला दया येते पण जो सुरीला धार लावत नाही, त्याच्या दयेचा जनावराला काय उपयोग? बोथट सुरी आणि न जुळवलेला दर्शक ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत. हातातल्या कामाचे कौशल्य हा नीयतीचाच भाग आहे. ते मिळवण्याची तसदी न घेणाऱ्याने नीयतीची ग्वाही देऊ नये.

नेम जुळवायचा तर तो कशावर, याचेही उत्तर परंपरेत आहे. काही तरुण एका कोंबडीला बांधून तिच्यावर बाण मारण्याचा सराव करीत होते. हजरत इब्ने उमर (रजि.) तिथून जात होते. त्यांनी जिवंत प्राण्याला निशाणा बनवण्याचा कडक निषेध केला, कारण प्रेषितांनी (स.) तसे करणाऱ्याचा धिक्कार केला होता. म्हणजे चुका करायच्या त्या कागदावर, फळीवर, जिवावर नव्हे.

बंदूक आली तेव्हा आपल्या फुकहांपुढे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. बिस्मिल्लाह म्हणून सोडलेल्या बाणाने शिकार मेली तर ती हलाल, कारण बाणाला धार असते, तो भेदतो. आघाताने, ठोकरून मेलेले जनावर मात्र कुरआनाने वर्ज्य केले आहे. मग शिशाची गोळी कोणत्या खात्यात घालायची? दमास्कसचे हनफी पंडित इब्ने आबिदीन यांनी म्हटले की गोळीला धार नसते, ती जोराने आणि दाहाने मारते, म्हणून तिने मेलेली शिकार हलाल नाही. त्याच काळातले येमेनचे शौकानी यांनी उलट मत दिले. गोळी बाणापेक्षाही जास्त भेदते. आपल्याकडील हनफी उलेमांचा कल बहुधा पहिल्या मताकडे राहिला. म्हणून आपले जुने शिकारी बार लागताच सुरी घेऊन धावत सुटत. जनावर जिवंत असतानाच त्याला जबह करणे भाग होते.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दया म्हणते, गोळी अशी बसावी की जनावर क्षणात मरावे. हा नियम म्हणतो, जबह होईपर्यंत प्राण उरावा. दोन्ही एकदम कसे साधणार? मला याचे पूर्ण उत्तर सापडलेले नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंना ढिसाळ नेम मान्य नाही. लांबून, अंदाजाने, ‘लागली तर लागली’ म्हणून काढलेला बार दयेलाही चालत नाही आणि नियमालाही चालत नाही. इतकेच नव्हे, बाण लागलेली शिकार पाण्यात पडलेली सापडली तर ती खाऊ नये असे अदी बिन हातिम (रजि.) यांना सांगितले गेले, कारण ती बाणाने मेली की पाण्याने, हे कळत नाही. जो मृत्यू आपल्या हातचा आहे असे खात्रीने सांगता येत नाही, त्याचा लाभ आपण घेऊ नये. किती सूक्ष्म ही जबाबदारीची जाणीव!

आता दुसरा प्रश्न. नेम अचूक आहे, हात स्थिर आहे, जनावर टप्प्यात आहे. मग घोडा ओढायला हरकत काय?

वर्गातली मोठी मुले कधीकधी विचारतात, ‘हरीण तर हलाल आहे, मग मारणे गुन्हा कसा?’ प्रश्न योग्य आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात तो पुस्तकी नाही. येवला तालुक्यात राजापूर-ममदापूरच्या माळरानावर काळविटांचे कळप आहेत आणि तिथे ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. प्राणिशास्त्राच्या हिशोबाने काळवीट म्हणजे हरीण नव्हे, कुरंग. त्याची शिंगे हरणासारखी गळून पडत नाहीत. पण लोक त्याला हरीणच म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवले आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे. या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जखमी करणे येते, हाकणे येते, आणि नुसता प्रयत्नही येतो. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा घडला. कायद्यानेही इथे नीयत मोजली आहे!

मुलांना मी सांगते, हलाल म्हणजे फर्ज नव्हे. जे मुबाह आहे ते सर्वांच्या भल्यासाठी सोडले तर धर्माचे काहीच मोडत नाही. आणि शिकार थांबवण्याची कल्पना आपल्याला परकी कुठे आहे? एहराम बांधला की जमिनीवरची शिकार वर्ज्य. मुद्दाम केली तर भरपाई, आणि ती दोन न्यायी माणसांनी ठरवायची. मदिनेच्या दोन काळ्या खडकाळ पट्ट्यांमधला प्रदेश प्रेषितांनी (स.) हरम ठरवला, तिथली शिकार आणि झाडतोड बंद केली. शिकार हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणून तुमची परीक्षा घेतली जाईल, अशा आशयाची ताकीद कुरआनात आहे. म्हणजे जनावर टप्प्यात आले, हीच परीक्षा. टप्प्यात असणे म्हणजे परवानगी नव्हे.

याला एक दुसरी बाजू आहे, ती शेतकऱ्याची. ज्याच्या कोवळ्या पिकावर रात्रीतून कळप फिरतो त्याला नीतीचे पाठ देणे सोपे आहे. त्याला वेळेवर आणि पुरेशी भरपाई मिळाली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. पण आपल्या राज्यात अनेक ठिकाणी लोक वैतागून शेताच्या कडेला विजेची तार सोडतात, फास लावतात, ते मला बंदुकीपेक्षाही भयंकर वाटते. बंदूक रोखणाऱ्याला निदान समोर पाहावे लागते. तार कोणाला पाहत नाही. तिला रानडुक्कर, बिबट्या, पाणी धरायला निघालेला शेजारी आणि घरचे लेकरू सारखेच. आणि सकाळी कोणी मेलेले सापडले की जो तो म्हणतो, मी कोणाला मारायला गेलो नव्हतो. नेमच धरला नाही, तर नीयतीचा प्रश्न येत नाही असे त्याला वाटते. माझे म्हणणे उलट आहे. नेम न धरता मरण मांडून ठेवणे, ही सर्वांत बेजबाबदार नीयत.

मुंबईच्या सलीम अलींची गोष्ट इथे आठवते. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी खाण्याजोगा आहे का, अशी शंका त्यांना आली आणि ते आपले मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे गेले. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवले. तिथून भारतातल्या पक्षीशास्त्राचे एक मोठे आयुष्य सुरू झाले. पुढेही त्यांनी अभ्यासासाठी पक्षी मारले, हे खरे आहे. पण सुरुवात झाली ती नेमाने नव्हे, नेमानंतर पडलेल्या प्रश्नाने. मारलेला जीव कोण आहे, हे विचारावेसे वाटले म्हणून.

बहुतेकांच्या हातात कधीच बंदूक येणार नाही, आणि ते बरेच आहे. पण शब्द आहे, हुकूम आहे, पुढे पाठवलेली बातमी आहे, शिक्षकाच्या हातात तर लाल शाई आहे. या सगळ्यांचा बार एकदा उडाला की परत येत नाही. आपल्या चुका एकाच जागी पडत असतील तर बरे, दर्शक सरकवता येतो. त्या विखुरलेल्या असतील तर आधी हात तपासावा लागेल. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो, हा तिचा दोष समजला गेला आणि जगाने झटपट बार काढणारी शस्त्रे शोधली. पण दारू मोजताना, गज चालवताना जो वेळ जातो, तेवढ्यातच माणूस स्वतःला विचारू शकतो की हे मला नीट जमेल का, आणि जमले तरी मी ते करावे का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ आल्याशिवाय टोपी बसवू नये.