अर्थ कायम ठेवण्याची हमी

संगणकाच्या आज्ञावलीची मूळ संहिता यंत्राकरवी सुधारून घेणाऱ्या साधनांमागे एक गृहीतक असते : रूप पालटले तरी अर्थ कायम राहतो. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ मधील प्रबंधात अशा ‘रिफॅक्टरिंग’ची कसोटी मांडली. आदान तेच असेल, तर बदलापूर्वीचे व बदलानंतरचे प्रदानही तेच असले पाहिजे. आशय आणि अभिव्यक्ती अभिन्न मानणाऱ्या समीक्षेला ही कसोटी तोकडी वाटेल. तथापि मूळ प्रश्न त्याही आधीचा आहे : ‘तेच’ म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे?

लिनक्सच्या गाभ्यात असंख्य ठिकाणी एकच बदल करण्यासाठी ‘कॉक्सिनेल’ हे साधन वापरतात. एखादा पॉइंटर रिकामा आहे काय, ही तपासणी वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेली असली तरी ते ती एकच मानते. कारण समतुल्य रूपांची यादी माणसांनी त्याला आधीच दिलेली असते. यंत्र अर्थ जाणत नाही. आपण मान्य केलेली समानता तेवढी पाळते.

या मान्यतेबाहेरचा अर्थ कसा निसटतो, हे डेबियन प्रणालीत दिसले. तेथे दुरुस्ती माणसाने केली, पण इशारा यंत्राचा होता. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीत मूल्य न दिलेली स्मृती वापरली जाते, असे तपासणीच्या साधनाने दाखविले. म्हणून २००६ मध्ये दोन ओळी गाळण्यात आल्या. त्यांपैकी एक गाळणे निरुपद्रवी होते. दुसरी ओळ मात्र यादृच्छिकतेची सामग्री आत घेत होती. किल्ल्या पूर्वीप्रमाणेच तयार होत राहिल्या. परंतु एकाच प्रकारच्या व लांबीच्या शक्य किल्ल्या सुमारे ३२ हजारांवर आल्या. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत अस्वीकृत पाठही पानाच्या तळाशी नोंदलेले आहेत. संपादकाचा निर्णय त्यामुळे वाचकाला पुन्हा तपासता येतो. डेबियनमधील गाळलेल्या ओळीही कोणापासून लपविलेल्या नव्हत्या. नोंद होती, ती साक्षेपाने वाचणारा दोन वर्षे भेटला नाही.

‘अर्थ बदललेला नाही’ हे विधान वस्तुतः एक हमी होय, आणि हमी यंत्र देऊ शकत नाही. बदल करण्याचे श्रम यंत्रावर सोपविता येतात. वाचनाचे उत्तरदायित्व सोपविता येत नाही. किंबहुना दुरुस्ती जितकी सुलभ, तितके हे उत्तरदायित्व अधिक जड होते.