झिजलेल्या पायरीचा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात एका खेड्यातील मंडळीच्या पंचांपुढे एक लहानसा प्रश्न आला. उपासनामंदिराच्या दारापुढील काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या पुष्कळ वर्षांच्या पावलांनी मध्यभागी खोलगट झाल्या आहेत. शहरात नोकरीस असलेल्या एका तरुणाने निरोप पाठविला की, खर्च मी देतो. यंत्र आणून पायऱ्या सपाट घासून घ्याव्या व त्यांस आरशासारखी झिलई द्यावी. तरुणांस हे आवडले. वृद्धांस आवडले नाही. ते म्हणाले, "ह्या खळग्यांत आमच्या आईबापांची पावले आहेत, ती घासून टाकू नका." शेवटी दोन्ही पक्ष आमच्याकडे आले. वरवर पाहता हा गवंड्याचा प्रश्न दिसतो. परंतु आम्ही जसजसा विचार करू लागलो, तसतसे आम्हांस दिसून आले की, हा नीतीचाही प्रश्न आहे. जी वस्तू आपण घडविली नाही, जी आपल्यामागून येणाऱ्यांसही हवी आहे, आणि जी झिजली आहे, तिला नवी करण्याचा आपला अधिकार कोठपर्यंत पोहोचतो?

याविषयी बोलण्याचा आम्हांस एक प्रकारे अधिकार आहे, कारण ह्या बाबतीत आम्ही स्वतः एक अपराध केलेला आहे. कित्येक वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी सेवेस असता तेथील भिंतीत एक संगमरवरी स्मारकशिला होती. तीवर पिवळे व तपकिरी डाग पडले होते. वार्षिक सभा जवळ आली होती, आणि पाहुण्यांपुढे सर्व काही स्वच्छ दिसावे अशी आमची इच्छा होती. म्हणून आम्ही बाजारातून फरशी धुण्याचे आम्ल आणविले व आपल्या हातांनी त्या शिलेवर ओतले. लागलीच पांढरा फेस आला. तो पाहून आम्ही आनंदित झालो, कारण मळ निघत आहे असे आम्हांस वाटले. परंतु तो फेस मळाचा नव्हता. संगमरवर हा चुन्याच्या जातीचा दगड आहे. त्यास आम्लाचा स्पर्श होताच तो विरघळू लागतो व त्यातून वायू बाहेर पडतो. जे फसफसत होते ते मळ नसून दगडच होते. शिला वाळली तेव्हा डाग फिके झाले होते खरे. पण तिची झिलई गेली होती, हात फिरविला असता खरखर लागत होती, आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या. ज्यांचे स्मरण राहावे म्हणून ती शिला बसविली होती, त्यांचे नाव आमच्या स्वच्छतेने पुसट केले. त्या दिवसापासून कोणी घाईने दगड उजळू लागला म्हणजे आम्हांस तो फेस आठवतो.

आता दगडास झिलई येते कशी, हे आमच्या वाचकांनी थोडे समजून घ्यावे. पुष्कळांची अशी समजूत असते की, तेल किंवा मेण लावावे त्याप्रमाणे दगडावर चकाकी लावली जाते. खऱ्या झिलईची गोष्ट तशी नाही. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परत येतो, म्हणून तो चमकतो. त्यावर बारीक ओरखडे पडले म्हणजे प्रकाश चोहोंकडे विखुरतो व दगड मंद दिसतो. कारागीर ते ओरखडे भरून काढीत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंतचा सगळा थर तो घासून काढतो. प्रथम ६० आकड्याची जाड घासणी, मग १२०, मग २२०, ४००, ८००, असे करीत तो १५०० किंवा ३००० पर्यंत जातो. प्रत्येक घासणी आधीच्या घासणीचे ओरखडे काढते व आपले अधिक बारीक ओरखडे मागे ठेवते. मधली एखादी पायरी घाईने गाळली, तर ती चूक तेव्हा दिसत नाही. शेवटी चकाकी आली म्हणजे तिच्याखालून ते जाड ओरखडे वर दिसू लागतात, आणि सर्व काम पुन्हा आरंभापासून करावे लागते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घासण्याने दगडात काही भर पडत नाही, त्यातून काहीतरी जातेच. प्रत्येक वेळी आपण त्याच्या भांडवलातून खर्च करतो, आणि ते भांडवल पुन्हा जमा होत नाही.

मग दगड झिजतो कशाने? १८१२ साली मोस नावाच्या जर्मन पंडिताने खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी १ पासून १० पर्यंत एक माप ठरविले. त्या मापात संगमरवरातील मुख्य खनिजाचा आकडा ३ आहे, आणि साध्या वाळूत आढळणाऱ्या गारेचा ७. आपल्याकडील शहाबादी फरशीही चुन्याच्याच जातीची असल्यामुळे संगमरवराप्रमाणेच मऊ. म्हणजे पायाबरोबर घरात आलेला वाळूचा कण फरशीहून पुष्कळ कठीण असतो. त्यावर पाय पडला की तो फरशी कापतो. तेव्हा दारातील पायपुसणे व रोजचा झाडू हेच दगडाचे खरे रक्षक होत. जी माउली नित्य पहाटे फरशी झाडते, ती तिचे आयुष्य वाढविते. आणि जो गृहस्थ दहा वर्षे धूळ साचू देऊन मग थाटाने यंत्र आणवितो, तो ते कमी करितो. परंतु लोक नाव मात्र त्या गृहस्थाचेच घेतात!

केवळ खेड्यातील अडाणी लोकच अशी चूक करतात, असे कोणी समजू नये. ग्रीस देशातील अथेन्स नगरात इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात पार्थेनॉन नावाचे देवालय संगमरवरात बांधले गेले. त्यावरील शिल्पांपैकी पुष्कळशी लॉर्ड एल्गिन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढून इंग्लंडात नेली, व १८१६ साली ती तेथील सरकारने विकत घेऊन लंडन येथील ब्रिटिश म्युझियमात ठेवली. ती परत द्यावी की नाही हा वाद निराळा आहे. त्यात आम्ही येथे शिरत नाही. त्या संगमरवरात लोहाचा अल्प अंश असल्यामुळे काळाने त्यावर मधासारखी पिंगट छटा येते. १९३० नंतरच्या दशकात लॉर्ड ड्युवीन नामक धनिकाने ह्या शिल्पांसाठी नवे दालन बांधण्यास पैसा दिला. शिल्पे शुभ्र दिसावी अशी त्याच्या पक्षाची इच्छा होती. तेव्हा १९३७ व १९३८ साली कामकऱ्यांनी तांब्याच्या हत्यारांनी व कार्बोरंडम नावाच्या कठीण घासणीने काही शिल्पे खरवडली. चंद्रदेवीच्या रथाच्या घोड्याचे मस्तकही त्यांतून सुटले नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या ध्यानात येऊन काम थांबविण्यात आले. हानी किती झाली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण जे खरवडले गेले ते परत आले नाही, याविषयी मतभेद नाही.

ह्या गोष्टीतील सर्वांत शोचनीय भाग आम्हांस निराळाच वाटतो. ज्या शुभ्रतेसाठी हे सर्व झाले, ती शुभ्रता त्या शिल्पांस मुळात नव्हतीच! प्राचीन ग्रीक लोक आपली शिल्पे रंगवीत असत. २००९ साली विशेष प्रकारच्या प्रकाशाच्या साहाय्याने पाहता ह्याच शिल्पांवर निळ्या रंगाचे सूक्ष्म अंश अजून शिल्लक असल्याचे आढळून आले. म्हणजे ज्यांस वाटले की आपण मूळ रूप परत आणीत आहो, ते वस्तुतः स्वतःच्या मनातील रूप दगडावर लादीत होते, आणि मूळ रूपाची साक्ष मात्र पुसून टाकीत होते. इंग्लंडातच विल्यम मॉरिस व त्याचे मित्र यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक सभा स्थापिली होती. नवे करण्याच्या नावाखाली जुने खरवडू नये, नित्याची निगा राखून नाश लांबवावा, असे त्यांचे सांगणे होते. त्या सभेस विनोदाने 'खरवडविरोधी' हे टोपणनाव पडले. साठ वर्षांनंतर त्याच देशात तो बोध विसरला गेला.

येथे कोणी म्हणेल, "मग काय, काहीच करू नये? झिजले ते झिजू द्यावे?" आम्ही स्वतः त्या पायऱ्यांविषयी आरंभी जवळजवळ असेच म्हणालो होतो. आपल्या जुन्या अपराधाची टोचणी आमच्या मनास होती, आणि वृद्धांचे बोलणे आम्हांस गोड लागले. परंतु पावसाच्या पहिल्या आठवड्यात एक वृद्ध भगिनी त्याच खळग्यात साचलेल्या पाण्यावरून घसरली व तिचे मनगट मोडले. आम्ही तिच्या समाचारास गेलो तेव्हा ती म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या सासूची पावले त्या दगडात आहेत हे खरे, पण तिने मला कधी पाडले नसते." ह्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. झिलईचा मोह हा जसा एक मोह, तसा जुनेपणाचा अभिमान हाही एक मोहच होय. आणि दोहोंतही मनुष्य आपल्याच आवडीची पूजा करीत असतो, हे आम्हांस त्या खाटेपाशी समजले.

मग आम्ही जवळच्या गावच्या एका वृद्ध पाथरवटास बोलाविले. त्याने पायरीवर पाणी ओतून पाहिले, तळवा फिरविला, आणि विचारले, "बाबा, ह्या दगडाचे काम काय?" आम्ही म्हणालो, "पाय ठेवण्याचे." तो म्हणाला, "तर मग चकाकी कशाला? जात्याला कोणी चकाकी देते काय?" वाचकहो, ह्या एका प्रश्नाने आमचा गुंता सुटला. आमच्या वडील वाचकांस आठवत असेल की, जाते दळूनदळून गुळगुळीत झाले म्हणजे पीठ भरड येई. मग टाकी लावणारा येऊन छिन्नीने त्याच्या दोन्ही तळ्या पुन्हा खडबडीत करून देई. तेथे गुळगुळीतपणा हाच दोष, आणि खरखरीतपणा हीच दुरुस्ती. बैठकीच्या फरशीस उजळपणा शोभतो, कारण तीवर मळ दिसावा व पुसता यावा हे तिचे काम. पायरीस मात्र पायाला धरून ठेवणे हेच भूषण. सपाट घासून झिलई दिली असती, तर पहिल्याच पावसात ती अधिक निसरडी झाली असती.

यावरून आम्हांस असे वाटते की, झिजलेल्या दगडास हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. पहिला हा की, ह्या दगडाचे काम काय, आणि झीज त्या कामाच्या आड येते काय? आड येत असेल तर आवश्यक तितके करावे, अधिक करू नये. दुसरा हा की, जे मी काढू पाहतो ते दगडावर बसलेले आहे, की दगडाचेच आहे? आग्रा येथील ताजमहालाच्या संगमरवरावर धुराने व धुळीने पिवळेपणा आला, तेव्हा १९९४ सालापासून पुरातत्त्व खात्याने मुलतानी मातीचा लेप देण्याची रीत काही वेळा योजिली. तो लेप मळ शोषून घेतो. वाळल्यावर तो काढून शुद्ध पाण्याने धुतात. स्त्रिया तोंडास लावतात तोच हा उपाय! त्यात दगड खरवडावा लागत नाही, परका मळ तेवढा निघतो. आमच्या स्मारकशिलेस आम्ही आधी नुसते पाणी व मऊ फडके लावून पाहिले असते, तर किती बरे झाले असते!

तिसरा प्रश्न पुष्कळांच्या मनातही येत नाही: ह्या चकाकीची किंमत कोण देतो? ग्रॅनाइट व वालुकाश्म यांसारखे गार असलेले दगड कोरडे घासले म्हणजे जी बारीक धूळ उडते, ती श्वासाबरोबर कामकऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसते व त्यास सिलिकोसिस नावाचा रोग जडतो. त्या रोगाने बिघडलेले फुप्फुस पुन्हा पूर्ववत करणारे औषध नाही. पाणी सोडून ओले घासले व तोंडास योग्य मुखपट्टी बांधली, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. परंतु पाण्याने चिखल होतो, वेळ लागतो, म्हणून ठेकेदार टाळतो आणि घरमालक काम लवकर झाले म्हणून संतुष्ट होतो. ज्याच्या घरी दगडाचे काम चालले आहे, त्याने एवढे तरी उभे राहून पाहावे. आपली फरशी उजळावी म्हणून दुसऱ्याच्या छातीत धूळ भरू देणे, हे कोणत्याही नीतीत बसत नाही.

त्या पायऱ्यांचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. पाथरवटाने खळगे तसेच ठेविले. फक्त पाणी वाहून जावे म्हणून प्रत्येक खळग्यातून बाहेरच्या बाजूस करंगळीएवढी एक पन्हळ काढिली, आणि जेथे पाऊल पडते तेथे टाकीचे बारीक घाव घातले. दोन दिवसांचे काम. शहरातील त्या तरुणाचे पैसे पुष्कळसे शिल्लक राहिले. त्यांतून एका बाजूस लोखंडी कठडा बसविला, आणि दाराशी काथ्याचे मोठे पायपुसणे आले. तरुणास प्रथम वाईट वाटले, कारण छायाचित्र काढण्याजोगे काही झाले नव्हते. पण सुट्टीत तो घरी आला, त्या रविवारी पाऊस पडत होता. ती वृद्ध भगिनी एका हाताने कठडा धरून तिन्ही पायऱ्या सावकाश चढून गेली, आणि तो खाली उभा राहून पाहत होता. मग त्याने दारापाशी पायांची वाळू नीट पुसली व आत गेला.