आरमाराचा मान

बडा फुहारा म्हणजे जबलपूरच्या जुन्या बाजाराचे काळीज. सणासुदीला इथे पाय ठेवायला जागा नसते. समुद्र मात्र इथून शेकडो कोस दूर. तरीही आमच्यासारख्या इथल्या मराठी घरांत आरमाराचा विषय निघाला की कान्होजी आंग्र्यांचे नाव यायचे. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही त्यांना आंग्र्यांचा कुलाबा किल्ला घेता आला नव्हता. शत्रूला वाटणाऱ्या धास्तीवरच आरमाराची किंमत ठरते, असे मीही बरीच वर्षे धरून चाललो होतो.

पण फुहाऱ्याजवळच, लोकमान्यांच्या नावाच्या तिलकभूमी तलैयावर 27 फेब्रुवारी 1946 रोजी जे घडले, ते वाचल्यावर ही मोजपट्टी मला अपुरी वाटू लागली.

मुंबईत 18 फेब्रुवारीला ‘तलवार’ या नौदलाच्या सिग्नल शाळेतल्या खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, पगारातला भेदभाव, सगळे साचले होते. बिनतारी यंत्रे त्यांच्याच हाती असल्याने बातमी बंदराबंदरांत पोहोचली आणि सुमारे वीस हजार खलाशी उठले. 22 तारखेला गिरणगाव त्यांच्यासाठी रस्त्यावर आला. परळला गोळीबारात कमल दोंदे गेल्या. ज्यांनी कधी जहाजावर पाऊल ठेवले नसेल, अशी माणसे खलाशांसाठी मेली. 23 तारखेला संप मागे घेतला गेला.

आणि त्यानंतर, सगळे संपले असे वाटत असताना, जबलपूरच्या लष्करी सिग्नल प्रशिक्षण केंद्रातले जवान बराकींतून बाहेर पडले. त्यांची स्वतःची गाऱ्हाणी होतीच: पगार, रेशनचा डाळ-भात, अधिकाऱ्यांची भाषा. शिवाय मुंबईत खलाशांवर झालेल्या गोळीबाराचा संताप होता. काँग्रेस आणि मुस्लिम लीग, दोन्हींचे झेंडे घेऊन ते गावात आले. तिलकभूमीवर भाषणे झाली. पुढे हा असंतोष सतराशेच्या आसपास जवानांपर्यंत पसरला. त्यांना आवरताना संगिनी चालल्या, माणसे जखमी झाली. खलाशांचा पराभव झालेला असताना त्यांची बाजू घेऊन नोकरी आणि पेन्शन पणाला लावणे, याहून मोठी पावती कोणत्या आरमाराला मिळाली असेल? कान्होजींचा दरारा मला आजही प्रिय आहे. तरी ही पावती मी त्याच्या वरची मानतो.

म्हणूनच पुढचे मनाला लागते. कित्येक खलाशी बडतर्फ झाले आणि स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही. लष्कराला शिस्त लागते, हे मला मान्य आहे. पण परकी सत्ता गेल्यावर तरी त्यांना दार उघडायला हवे होते.

4 डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो, 1971 च्या कराची हल्ल्याच्या आठवणीने, आणि तो अभिमान रास्तच आहे. त्याच अभिमानाने 18 फेब्रुवारीही पाळला जावा. जबलपूरच्या शाळांनी तर 27 फेब्रुवारीला मुलांना तिलकभूमीवर आणावे आणि सिग्नलच्या त्या जवानांची हकिगत तिथेच उभे राहून सांगावी.