‘आज काय शिकलास?’

वार्षिक परीक्षा आटोपल्या की आमच्या वऱ्हाडातील सुशिक्षित घरांत दोन विषयांची चर्चा सुरू होते, एक उन्हाची आणि दुसरी मुलांची. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, आणि तोवरचे दिवस कसे काढावयाचे ही विवंचना आईबापांपुढे उभी राहते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात खेळत असतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी तेथे १४४ कलम पुकारले आणि खासगी शिकवणी वर्गांच्या वेळांवरही बंधन घातले. अशा दिवसांत दहा वर्षांचा मुलगा घरात कोंडून ठेवणे कठीण आणि बाहेर सोडणे त्याहून कठीण. तेव्हा सकाळी चार तास मुलांस सांभाळणारी उन्हाळी शिबिरे निघाली आणि फोफावली, यात नवल नाही. अमरावतीच्या जुन्या माणसास ‘कॅम्प’ म्हटले की अजून गावाचा एक भागच आठवतो. परंतु त्याच्या नातवंडांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ केव्हाच बदलला आहे.

मी प्राध्यापक असल्यामुळे एप्रिल महिन्यात परिचितांपैकी कोणी ना कोणी मला विचारतेच, “सर, कोणते शिबिर चांगले?” बरोबर चारदोन छापील पत्रके असतात. एकात चौदा कला शिकविण्याचे आश्वासन, दुसऱ्यात व्यक्तिमत्त्वविकास, तिसऱ्यात संस्कार. या प्रश्नास मी आजवर सरळ उत्तर देऊ शकलेलो नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे, आणि ते कारण माझ्या अंगी फारसे भूषणावह नाही.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, असे म्हणण्याची चाल आहे. मुले मामाच्या गावी जात, आंबे खात, विहिरीत पोहत, आणि जूनमध्ये काळीसावळी होऊन परत येत. हे खरे, परंतु ते शिबिर मामी चालवीत असे, हे सांगावयाचे आपण विसरतो. दोन्ही वेळा पंधरा पानांचा स्वयंपाक, भाचरांचे कपडे, भांडणे, आजारपणे हे सर्व तिने शुल्कावाचून केले आणि तिचा अभिप्राय कोणी विचारला नाही. ती व्यवस्था मोडली याची हळहळ वाटणाऱ्यांत मामींची संख्या किती असेल, याची मला शंका आहे.

म्हणून मुलास कोठेतरी सुरक्षित ठेवण्याची गरज ही आधुनिक आईबापांची आळशी वृत्ती होय, हा आरोप मला मान्य नाही. आई बँकेत, बाप कचेरीत, आजी गावी, तेव्हा मुलाने जावे कोठे? ही गरज प्रामाणिक आहे. शिक्षणाच्या इतिहासात तर तिचे स्थान मोठे सन्मानाचे आहे. १९०७ च्या जानेवारीत मारिया माँटेसोरी यांनी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, ते कोणा तत्त्वज्ञाच्या आग्रहावरून नव्हे. आईबाप मजुरीस गेल्यावर मागे राहिलेली मुले नव्या डागडुजी केलेल्या चाळींचे जिने आणि भिंती खराब करीत. तेव्हा त्यांना एका खोलीत कोणीतरी सांभाळावे, एवढीच इमारतींच्या मालकमंडळींची अपेक्षा होती. त्या सांभाळण्यातून जे निघाले ते जगभर गेले. पुढे ताराबाई मोडक यांनी त्या पद्धतीला मराठी मुलखात देशी रूप दिले आणि १९४५ साली ती बोर्डीच्या खेड्यात नेली. याच ताराबाई विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस राहत होत्या. ‘मूल सांभाळा’ एवढेच जेथे प्रामाणिकपणे मागितले गेले, तेथे ही पद्धत जन्मास आली, हे माझ्या मते लक्षात ठेवण्याजोगे आहे. उलट ज्या रूसोने ‘एमील’ हा ग्रंथ लिहून १७६२ साली युरोपास बालशिक्षण शिकविले, त्याने स्वतःची पाचही मुले अनाथालयात ठेवली होती. पण ते असो.

आमच्या अमरावतीस तर उन्हाळ्यात मुलांस व्यायामशाळेत धाडण्याची परंपरा जुनी आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून आले, हा अभिमान गावाने अजून जपला आहे. मंडळाच्या मैदानावर सकाळी मुलांची गर्दी आजही लोटते. माझ्या लहानपणी मीही एका उन्हाळ्यात तेथे मल्लखांबाशी झटापट केली. निम्म्या उंचीच्या वर मी काही गेलो नाही. वडिलांनी याबद्दल कधी विचारले नाही. ते काही बालमानसशास्त्र जाणत होते असे नव्हे. चौघांपैकी कोणता मुलगा कोठे गेला आहे हेच त्यांच्या नीट ध्यानात नसे. सोललेल्या गुडघ्यास हळद लावली की त्यांचे काम संपे.

मी मात्र जाणता बाप होतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही अकोल्यास राहत होतो. पत्नी नोकरीस, मी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांच्या ढिगात, आणि मुलगा दहा वर्षांचा. पुष्कळ चौकशी करून, तीन ठिकाणे पाहून आम्ही एक शिबिर निवडले. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. तेथील शुल्क सर्वांत अधिक होते, आणि ‘अधिक ते चांगले’ हा तर्क मी वर्गात कोणा विद्यार्थ्यास करू दिला नसता. मुलाने बासरी घ्यावी असे आम्हीच ठरविले.

दररोज दुपारी जेवताना मी त्यास विचारी, “आज काय शिकलास?” तोही सांगे. पहिल्या आठवड्यात फुंकर, मग सा रे ग म, मग भूप रागाचे आरोह-अवरोह, मग एक छोटी धून. बासरी तेथेच ठेवावी लागते, म्हणून घरी वाजविता येत नाही, असेही त्याने एकदा सांगितले. हे ऐकून मला बरे वाटे. पैसा कारणी लागत होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलास आपण दूर ठेवले या टोचणीवर दररोज एक औषधाचा थेंब पडत होता.

अखेरच्या दिवशी पालकांसाठी कार्यक्रम झाला. बासरीची मुले व्यासपीठावर आली. त्यांत माझा मुलगा नव्हता. मी उठून मागील बाजूस गेलो. तेथे रांजणांच्या रांगेजवळ तो म्हातारबा चौकीदारासह ओले गोणपाट गुंडाळीत होता. चौकीदार कौतुकाने म्हणाला, “लय कामाचं पोट्टं हाय तुमचं, सायेब.” तिसऱ्या दिवसापासून मुलगा बासरीच्या वर्गात बसलाच नव्हता. त्याला ते जमेना, आणि रडे आले तेव्हा शिक्षकांनी त्यास बाहेर सावलीत बसू दिले. मग सर्व शिबिरभर तो चौकीदाराबरोबर रांजण भरीत होता, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारीत होता. त्याच कार्यक्रमात त्यास प्रमाणपत्र मिळाले. त्यावर ‘बासरीवादनात समाधानकारक प्रगती’ असे सुंदर अक्षरांत लिहिलेले होते.

घरी आल्यावर मी रागावलो. खोटे का बोललास, असे विचारले. तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “तुम्ही रोज विचारत होते ना, म्हणून.”

या उत्तरावर मी पंधरा वर्षे विचार करीत आहे. प्रथम ती मला पळवाट वाटली. दहा वर्षांच्या मुलासही खरे-खोटे कळते, आणि ‘विचारले म्हणून’ हे असत्याचे समर्थन होऊ शकत नाही, हे तर्कशुद्ध आहे. परंतु मग प्रमाणपत्राचे काय? तेही खोटेच होते, आणि ते मुलाने लिहिले नव्हते. ज्या शिक्षकांनी रडणाऱ्या मुलास सावलीत बसू देण्याइतका शहाणपणा दाखविला, त्यांनीच तो शहाणपणा पालकांपासून लपविला, कारण रांजण भरण्याबद्दल पालक शुल्क देत नाहीत. मुलगा आणि शिक्षक यांनी आपसांत काही ठरविले नव्हते. तरी दोघांचे असत्य एकच होते, कारण दोघेही एकाच प्रश्नास उत्तर देत होते आणि तो प्रश्न माझा होता. दररोजच्या त्या विचारण्यात मला उत्तर हवे नव्हतेच. पुरावा हवा होता. माझ्या मनात माझ्यावर जो खटला चालला होता, त्यात मी मुलास साक्षीदार म्हणून उभा करीत होतो. माणसास केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कान्टचे सूत्र मी दरवर्षी पदवीच्या वर्गात फळ्यावर लिहितो.

कोणी म्हणेल, मग पालकांनी काही विचारूच नये काय? पैसे द्यावे आणि डोळे मिटावे? तसे मी म्हणत नाही. मूल परक्याच्या हाती देणारा बाप जर काहीच पाहत नसेल तर तो बेफिकीर होय. पण पाहावयाचे कोणाकडे, हा मुद्दा आहे. मी सर्व परीक्षा मुलाची घेतली आणि शिबिराची एकही घेतली नाही. पाणी कोठे आहे, सावली किती आहे, मैदानावरून परतावयाची वेळ उन्हाच्या आधीची आहे की नंतरची, एका शिक्षकामागे मुले किती, चौथ्या दिवशी त्यास मुलाचे नाव ठाऊक असते की नाही, हे सर्व मी स्वतः जाऊन पाहू शकत होतो. आणि एक प्रश्न चालकांस विचारू शकत होतो: जे मूल ‘मला हे करावयाचे नाही’ म्हणते, त्याचे तुम्ही काय करता? त्या वेळी त्यांनी प्रामाणिक उत्तर दिले असते, तर “त्यास आम्ही रांजणाजवळ बसवितो” असे दिले असते, आणि ते ऐकून मी बहुधा दुसरे शिबिर शोधले असते. ही माझी खरी अडचण आहे. माझ्या निवडीच्या कसोटीवर त्या शिबिरातील सर्वांत चांगली गोष्ट नापास झाली असती.

परवा मुलाशी दूरध्वनीवर बोलताना हा लेख लिहीत असल्याचे सांगितले. तो आता पुण्यास नोकरी करतो. बासरीचे त्याला काही आठवत नव्हते; त्याबद्दल तो खोटे बोलला होता, हेही नाही. तो म्हणाला, अकोल्यास तेव्हा नळ काही दिवसांआड येत. म्हातारबा आदल्या दिवशी टाकीत काठी बुडवून पाणी मोजीत, आणि रांजण पहाटेच भरीत, कारण ऊन चढल्यावर भरलेले पाणी संध्याकाळपर्यंत निवत नाही. मग थोडे थांबून त्याने विचारले, “त्या म्हातारबांचं नाव काय होतं हो, बाबा?”

मला ते ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते.