मातीत सुई उतरवताना

देवा, व्हॅक्यूम चेंबरचं झाकण बसवलं, पंप सुरू केला. आत तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अनॉर्थोसाइट दळून केलेली, चंद्रावरच्या मातीसारखी माती आहे आणि तिच्यात एक सुई उभी आहे. सुईत हीटर, अंगावर तापमानाचे सेन्सर. हवा पुरती निघायला वेळ आहे, तोवर तुझ्याशी बोलून घेतो.

आमचं काम तसं सरळ. सुईला मोजून वीज द्यायची आणि ती किती झपाट्याने तापते ते बघत बसायचं. माती उष्णता वाहून नेणारी असेल तर सुई सावकाश तापते. नसेल तर उष्णता सुईपाशीच तुंबते आणि आकडा भराभर चढतो. त्या चढावरून मातीची उष्णतावाहकता काढायची. पण तू चंद्रावर जी माती अंथरलीस तिची तऱ्हाच न्यारी. कण बारीक, टोकदार, एकमेकांना जेमतेम टेकलेले, आणि मधल्या फटींत हवाच नाही. उष्णतेने जायचं कुठून? रात्री राखेखाली झाकलेला निखारा सकाळी चूल पेटवायला जिवंत सापडतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त राखेत निदान हवा तरी असते.

२३ ऑगस्ट २०२३ला आपला विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला, तेव्हा त्याच्यावरच्या चास्टे उपकरणाची दहा सेन्सरांची सुई मोटर फिरवत हळूहळू त्या मातीत गेली. वर उन्हाने तापलेली जमीन आणि अवघ्या ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंशांच्या आसपास! पुढे तिथली वाहकता निघाली मीटर-केल्व्हिनला सुमारे ०.०११५ वॅट, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या निम्म्याहूनही कमी. तो आकडा वाचून माझे हात आपोआप जोडले गेले, ते तू पाहिलंच असशील.

आज मागणं मात्र वेगळं आहे. सुई खुपसली की भोवतालची माती दबते. दबली की कण जवळ येतात आणि उष्णतेला वाट मिळते. मग मी मोजतो ती तू अंथरलेली माती की मी चेपलेली? अपोलो १५ आणि १७च्या वेळी, १९७१ आणि १९७२ साली, मार्कस लँगसेथ यांच्या चमूपुढे हाच पेच आला. हीटर लावून काढलेली वाहकता जास्त निघाली, कारण ड्रिलने भोकाभोवतीची माती दाबून टाकली होती. ही माणसं मग वर्षानुवर्षं थांबली. ऋतुमानाप्रमाणे सूर्याची ऊब वरून खाली किती उशिराने आणि किती क्षीण होऊन पोचते, ते बघत राहिली. उबेची ही लाट दबलेल्या कड्यापलीकडच्या मातीचीही खबर आणते. १९७६मध्ये त्यांनी चंद्राच्या पोटातून येणाऱ्या उष्णतेचे आपलेच आकडे खाली आणले: चौरस मीटरला एका जागी २१ मिलिवॅट, दुसऱ्या जागी १६. देवा, मला हे दे. छापून आलेला आकडा आपल्याच हाताने कमी करण्याची छाती दे. या कामाला कुणी हार घालत नाही, सत्कार समितीला त्यात काही दिसतही नाही.

आणि हट्ट कधी सोडावा तेही कळू दे. मंगळावर इनसाइट यानाचा ‘मोल’, स्वतःला ठोकत जाणारा खिळा, पाच मीटर खाली जायला निघाला होता. मातीने त्याला पकडच दिली नाही. जानेवारी २०२१मध्ये ठोकणं थांबवलं. तरी जिथे तो जेमतेम गाडला गेला होता, तिथेच त्याला तापवून माणसांनी भोवतालची वाहकता मोजली: त्याच मापात ०.०३९. चंद्रापेक्षा तिपटीहून जास्त, कारण तिथे कणांच्या फटींत विरळ का होईना, हवा आहे. ठरवलेली खोली मिळाली नाही म्हणून मिळालेल्या वीतभर जागेकडे पाठ फिरवू नये, एवढं भान मलाही असू दे.

अंतराळवीर जॉन यंग आता तुझ्यापाशीच आहेत. अपोलो १६वर त्यांचा पाय अडकून चंद्राची उष्णता मोजण्याच्या याच प्रयोगाची केबल तुटली होती. त्या फुगलेल्या पोशाखात पायाखालचं दिसतं कुठे? त्यांना बोल लावू नकोस. पुढच्या यानाचा आराखडा करणाऱ्यांना मात्र तारा जमिनीवर लोळत न ठेवण्याची बुद्धी दे, आणि ते ऐकत नसतील तर भर बैठकीत आवाज चढवायची मला.